पूल पुन्हा पुन्हा हिरवा का होतो? महाड-पोलादपूरच्या पाण्याचं गणित, सोप्या भाषेत

शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून गुरुवारी पूल बघायला जावं, तर पाणी हिरवं. मग धावपळ. केअरटेकर ब्लीचिंग पावडरचं अख्खं पोतं ओततो, कुणीतरी मोरचूद टाकायला सांगतं, कुणी तुरटी फिरवायला. रविवारपर्यंत पाणी कसंबसं निळसर दिसतं. पुढच्या बुधवारी पायऱ्यांवर पुन्हा बुळबुळीत थर. शेवटी वैतागून निर्णय होतो, "सगळं पाणी सोडून द्या, नवीन भरा."

रायगड किल्ला, शिवथरघळ, उमरठ, वर महाबळेश्वर. मुंबई-गोवा महामार्गावरच्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतून पर्यटक सतत जात-येत असतात. त्यांच्यासाठी फार्महाऊस, होमस्टे आणि छोटी रिसॉर्ट आहेत, आणि बुकिंग करताना बरेच जण विचारतात, "पूल आहे ना?" पूल बांधणं सोपं असतं. त्यातलं पाणी वर्षभर स्वच्छ ठेवणं हे वेगळं काम आहे, आणि या भागात ते आणखी अवघड आहे. त्याची कारणं इथल्या पावसात, इथल्या दगडात आणि इथल्या उन्हाळ्यात आहेत.

थोडक्यात

- पाणी हिरवं होतं कारण शेवाळ वाढण्याचा वेग क्लोरीनच्या मारण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो. बाकीची कारणं या एका कारणाच्या पोटात येतात.
- कोकणात ऑक्टोबरमध्ये हिरवा होणारा पूल आणि एप्रिलमध्ये हिरवा होणारा पूल यांचा आजार उलट असतो. दोघांना एकच औषध दिलं तर एक हमखास बिघडतो.
- पूल रिकामा करणं हा शेवटचा उपाय आहे. उन्हाळ्यात ते पाण्याची नासाडी ठरते आणि पावसाळ्यात पूलच फुटण्याचा धोका असतो.
- तळ दिसत नसेल तर पूल बंद ठेवायचा. पाहुणे कितीही आग्रही असले तरी.

आधी तुमच्या पुलात किती पाणी आहे ते मोजा

बहुतेक चुका इथेच सुरू होतात. "एक डबा टाक" हे माप नाही. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांमध्ये मोजा, तिन्ही आकडे एकमेकांना गुणा आणि आलेल्या उत्तराला २८.३ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये मिळेल.

उदाहरणार्थ, २५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल पूल. २५ × १२ × ४.५ म्हणजे १,३५० घनफूट. त्याला २८.३ ने गुणलं की साधारण ३८,००० लिटर. पुढची सगळी उदाहरणं याच पुलाची आहेत.

आता हा आकडा दुसऱ्या बाजूने बघा. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलं आहे. त्या हिशोबाने ३८,००० लिटर म्हणजे जवळपास ६९० माणसांचं एका दिवसाचं पाणी. महाड आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या अनेक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण उताराची जमीन आणि खालचा कातळ ते पाणी धरून ठेवत नाही. अशा वेळी चुकीच्या रसायनामुळे हिरवा झालेला पूल रिकामा करून पुन्हा टँकरने भरणं किती महागात पडतं, हे वेगळं सांगायला नको.

शेवाळ येतं कुठून?

हवेतून, पावसातून, पातेऱ्यातून, तांबड्या मातीच्या पायांनी, पोहणाऱ्यांच्या कपड्यांवरून. ते थांबवता येत नाही. शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू प्रत्येक उघड्या पाण्यात पोहोचतातच. त्यांना वाढायला ऊन, ऊब आणि थोडं खत लागतं, आणि खालच्या कोकणात या तिन्हींचा तुटवडा नाही.

खत म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. पुलाच्या कडेला लॉनला टाकलेलं खत, आंब्या-काजूची कुजलेली पानं, उतारावरून वाहून आलेली माती, घाम, तेल, लघवी या सगळ्यातून ते पाण्यात येतं. पाण्यात पुरेसा क्लोरीन असेल तर बीजाणू वाढण्याआधीच मरतात आणि खत असूनही फरक पडत नाही. क्लोरीन एका दुपारी जरी संपला, तरी वाढ सुरू होते.

शेवाळाचे मुख्य तीन प्रकार ओळखता येतात:

- हिरवं: पाणीच हिरवं होतं, भिंती बुळबुळीत होतात. सगळ्यात जास्त आढळणारं आणि मारायला तुलनेने सोपं.
- पिवळसर: सावलीच्या बाजूच्या भिंतीवर मातीचा थर बसल्यासारखं दिसतं. ब्रश मारला की धूर उठावा तसं उडतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत बसतं.
- काळं: टाइल्सच्या सांध्यांत आणि खडबडीत सिमेंटवर टाचणीच्या डोक्याएवढे घट्ट ठिपके. खरं तर हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहेत. त्यांच्यावर संरक्षक थर असतो. तारेच्या ब्रशने तो थर फोडल्याशिवाय क्लोरीन आत पोहोचत नाही. टाइल्सवर मात्र तारेचा ब्रश जपून वापरा.

हिरवं, पण काचेसारखं पारदर्शक? मग ते शेवाळ नाही

हा फरक बहुतेकांना माहीत नसतो. पाणी हिरवट आहे पण तळाची जाळी लख्ख दिसते, भिंती गुळगुळीत आहेत, तर दोष धातूचा असण्याची शक्यता जास्त.

पहिला संशयित मोरचूद. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यातलं तांबं शेवाळ मारतं हे खरं, पण ते पाण्यातून उडून जात नाही. दर महिन्याला थोडं थोडं टाकत गेलं की साठत जातं. मग पाण्याला हिरवी-निळी झाक येते, टाइल्सवर डाग पडतात आणि पांढऱ्या किंवा रंगवलेल्या केसांवर हिरवट छटा चढते.

दुसरा संशयित लोह. जांभ्याच्या पट्ट्यातल्या काही विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह असतं. बोअरचं पाणी उपसताना स्वच्छ दिसतं, क्लोरीन टाकला की चहासारखं किंवा हिरवट-तपकिरी होतं. तपासायची घरगुती पद्धत सोपी आहे. पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी घ्या, त्यात चमचाभर लिक्विड क्लोरीन टाका आणि तासभर ठेवा. रंग बदलला तर पूल भरण्याआधी ते पाणी टाकीत घेऊन क्लोरीन टाकून, गाळ बसवून मगच वापरायचं.

अशा पाण्यात शॉकचा डोस देणं म्हणजे डाग पक्के करणं.

क्लोरीन टाकूनही शेवाळ का मरत नाही?

कारण "क्लोरीन टाकला" आणि "क्लोरीन काम करतोय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या मध्ये तीन अडथळे उभे असतात.

पहिला, पीएच. क्लोरीन पाण्यात विरघळला की त्याची दोन रूपं तयार होतात. एक जहाल, म्हणजे हायपोक्लोरस ॲसिड. दुसरं मवाळ, हायपोक्लोराइट. कुठलं रूप किती, हे पीएच ठरवतो. पीएच ७.२ असताना साधारण दोन तृतीयांश क्लोरीन जहाल रूपात असतो, ७.५ ला निम्मा, आणि ८ ला जेमतेम पाव. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक थोडा कमी जाणवतो, पण दिशा तीच राहते. शिवाय पीएच जास्त असेल तर क्षार बाहेर पडून पाणी दुधाळ होतं. बेसॉल्टच्या कातळातलं बोअरचं पाणी बहुधा बायकार्बोनेटयुक्त असतं. ते पुलात खेळतं राहिलं, कारंजं-धबधबा चालू असला, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप वर सरकतो.

दुसरा, ऊन. उघड्या पुलात, कडक उन्हात आणि स्टॅबिलायझर नसताना, निम्मा क्लोरीन तासाभरात नष्ट होतो. सकाळी ९ ला टाकलेला डोस दुपारपर्यंत नावापुरता उरतो.

तिसरा, स्टॅबिलायझर. याचं रासायनिक नाव सायन्युरिक ॲसिड. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, जणू छत्री. पण छत्री जितकी मोठी, तितका क्लोरीन तिच्याखाली अडकून राहतो आणि शेवाळापर्यंत पोहोचायला मंद होतो. लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे ३० ते ५० पीपीएम, हे माप उघड्या पुलाला पुरतं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या सल्ल्यानुसार पीएच ७.० ते ७.८ मध्ये ठेवावा, क्लोरीन किमान १ पीपीएम आणि स्टॅबिलायझर वापरत असल्यास किमान २ पीपीएम असावा, आणि सायन्युरिक ॲसिड ९० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये.

आपल्याकडे बाजारात सर्रास मिळणारं "टीसीसीए ९०" हे इथेच गोंधळ घालतं. त्या गोळीत किंवा दाण्यांत क्लोरीनसोबत स्टॅबिलायझर आधीच मिसळलेला असतो. टीसीसीएमधून पाण्यात १० पीपीएम क्लोरीन गेला की सोबत साधारण ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिडही जातं. क्लोरीन वापरला जातो, सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. रोज २ पीपीएमच्या हिशोबाने फक्त टीसीसीए वापरलं तर एका महिन्यात ३६ पीपीएम, दोन महिन्यांत ७२, तीन महिन्यांत शंभरी पार.

ऑक्टोबरचा हिरवा आणि एप्रिलचा हिरवा

आता हेच गणित इथल्या पावसाला लावून बघा.

महाड-पोलादपूर पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस होतो. २५ × १२ फुटांच्या पुलाचा पृष्ठभाग साधारण २८ चौरस मीटर. म्हणजे एका पावसाळ्यात त्या पुलावर थेट आभाळातून सुमारे ८४,००० लिटर पाणी पडतं. पुलाच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त! एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,६०० लिटर, म्हणजे जवळपास १५ टक्के पाणी एका दिवसात बदललं.

पूल उघडा असेल तर या चार महिन्यांत क्लोरीन, स्टॅबिलायझर आणि अल्कलिनिटी असं सगळं पाणी भरून वाहताना धुऊन जातं. अल्कलिनिटी म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारी पाण्याची ताकद. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात ही ताकद जवळजवळ नसते.

मग ऑक्टोबर उजाडतो. आभाळ मोकळं होतं, ऑक्टोबर हीट सुरू होते, दिवाळीचं बुकिंग तोंडावर येतं. मालक क्लोरीन टाकतो, पण छत्रीच नाही. दुपारपर्यंत क्लोरीन गायब, संध्याकाळी पाणी हिरवं. या पुलाला स्टॅबिलायझर आणि खाण्याचा सोडा हवा असतो.

एप्रिलमध्ये उलट होतं. ऑक्टोबरपासून सहा महिने टीसीसीए चालू आहे. पाऊस नाही, पाणी फक्त वाफ होऊन उडतंय, आणि वाफेबरोबर सायन्युरिक ॲसिड जात नाही. वरून बोअरचं पाणी भरत राहिल्याने क्षारही वाढलेत. टेस्ट किटमध्ये क्लोरीन ३ पीपीएम दाखवतो आणि तरीही भिंतीवर शेवाळ. अशा वेळी दुकानदार सांगतो, "अजून टीसीसीए टाका." म्हणजे छत्री आणखी मोठी.

यावर साधा उपाय आहे. पावसाळा संपल्यावर पहिला महिना टीसीसीए वापरा. त्यातून ३०-४० पीपीएम स्टॅबिलायझर आपोआप तयार होईल. त्यानंतर लिक्विड क्लोरीनवर या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात स्टॅबिलायझर नसतो. पुढच्या जूनपर्यंत गाडी रुळावर राहते.

आणि एप्रिलमध्ये सायन्युरिक ॲसिड आधीच ९० च्या पुढे गेलं असेल तर? ते कमी करण्याचा खात्रीचा मार्ग एकच, काही पाणी बदलणं. अर्धं पाणी बदललं की पातळी निम्मी होते. पण गावात टँकर चालू असताना हे करण्यापेक्षा पूल काही आठवडे बंद ठेवून, टीसीसीए थांबवून, पहिल्या जोरदार पावसाला ते काम करू देणं शहाणपणाचं. तोवर पंप चालवा आणि लिक्विड क्लोरीनचा डोस देत राहा, म्हणजे पाण्यात डास होणार नाहीत.

हिरवा झालेला पूल परत आणायचा कसा?

क्रम चुकवू नका. अर्धी लढाई क्रमातच आहे.

१. पानं आणि गाळ काढा. जाळीने तळापर्यंत. कुजलेला पातेरा आत असताना टाकलेला क्लोरीन त्या पाल्यावरच खर्च होतो.

२. पीएच ७.२ पर्यंत आणा. जास्त असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड, थोडं थोडं, पंप चालू ठेवून. कमी असेल तर धुण्याचा सोडा. हे शॉक देण्याआधीच करायचं, कारण क्लोरीन खूप वाढला की पीएचची चाचणी खोटं सांगते.

३. स्टॅबिलायझर मोजा. पाणी आणि रसायन मिसळून गढूळ झालेल्या नळीत तळाचा काळा ठिपका कधी दिसेनासा होतो, त्यावरून हे माप कळतं.

४. शॉकची पातळी ठरवा. जाणकार पूल-देखभालीत वापरला जाणारा ठोकताळा असा: सायन्युरिक ॲसिडच्या ४० टक्के क्लोरीन. म्हणजे ते ४० पीपीएम असेल तर क्लोरीन १६ पीपीएम. स्टॅबिलायझर नसेलच तर १० पीपीएम. आता कळेल की १०० पीपीएमवाला पूल का हाताबाहेर जातो. त्याला ४० पीपीएम क्लोरीन लागतो.

५. डोस काढा. ३८,००० लिटरच्या पुलात १ पीपीएम क्लोरीन वाढवायला साधारण इतकं लागतं:
- लिक्विड क्लोरीन, १० टक्के: ३८० मिली
- टीसीसीए ९०: ४२ ग्रॅम
- कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ टक्के: ५८ ग्रॅम
- ब्लीचिंग पावडर, ३३ टक्के: ११५ ग्रॅम

म्हणजे १६ पीपीएमसाठी सुमारे ६ लिटर लिक्विड. शॉकसाठी टीसीसीए वापरू नका. ब्लीचिंग पावडर वापरायचीच असेल तर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळलेलं पाणीच पुलात टाका. थेट पोतं ओतलं की पाणी पांढरं होतं आणि फिल्टरमधली वाळू चुन्याने दगडासारखी होते. लिक्विड क्लोरीन ताजं घ्या. उन्हात ठेवलेला कॅन काही आठवड्यांत ताकद गमावतो.

६. पातळी टिकवा. सगळ्यात जास्त लोक इथे हरतात. एकदा डोस देऊन झोपायचं नसतं. पहिल्या दिवशी दर काही तासांनी मोजा आणि घटलेला क्लोरीन परत भरा. सूर्यास्तानंतर सुरुवात केली तर ऊन वाटा मागत नाही.

७. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा, दिव्यांच्या कडा रोज घासा. पंप सलग चालू ठेवा.

८. मेलेलं शेवाळ राखाडी होऊन पाण्यात तरंगतं. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८-१० पीएसआयने वाढला की बॅकवॉश करा. तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा, फिल्टरमधून फिरवू नका. तुरटीने गाळ लवकर बसतो हे खरं, पण तुरटी पीएच आणि अल्कलिनिटी खाली ओढते. म्हणून नंतर दोन्ही तपासा. गाळ बसताना पंप मात्र बंद हवा.

झालं हे कसं ओळखायचं? रात्रीची परीक्षा

पाणी निळं दिसलं म्हणजे शेवाळ संपलं असं नाही. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ शिल्लक असतं आणि आठ दिवसांनी तेच परत उगवतं. "पुन्हा पुन्हा"चं रहस्य बहुतेकदा हेच असतं.

खात्रीची चाचणी फुकट आहे. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा. रात्रभर कुणी पोहायचं नाही, काही टाकायचं नाही, पंप चालू. सूर्य उगवण्याआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, त्यामुळे क्लोरीन घटला तर तो कुणीतरी खाल्ला. घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर शेवाळ अजून जिवंत आहे, शॉक चालू ठेवा. घट १ किंवा त्याहून कमी, पाणी नितळ आणि "संयुक्त क्लोरीन" ०.५ पीपीएमच्या आत, या तिन्ही अटी पूर्ण झाल्या की काम फत्ते. क्लोरीन ५ पीपीएमच्या खाली आल्यावर पूल उघडा.

टेस्ट किटबद्दल दोन सावधगिऱ्या. पिवळा रंग दाखवणारं स्वस्त ओटीओ किट एकूण क्लोरीन मोजतं, त्यातला कामाचा किती ते सांगत नाही. गुलाबी रंगाचं डीपीडी किट कामाचा क्लोरीन दाखवतं, पण क्लोरीन फार जास्त असला तर रंग उडून नळी पांढरी दिसते. मालकाला वाटतं क्लोरीन शून्य, आणि तो आणखी ओततो. शंका आली तर पुलाचं पाणी तितक्याच साध्या पाण्यात मिसळून मोजा आणि आकडा दुप्पट करा.

आणि पुलावर येणारा तो उग्र "क्लोरीनचा वास"? तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि लघवीशी संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. डोळे चुरचुरण्यामागेही बऱ्याचदा तेच. पोहण्याआधी साबणाने अंघोळ सक्तीची केली तर रसायनांचा खर्चही कमी होतो.

'शुद्ध पाणी' आणि महाड

महाडमध्ये पाण्याच्या शुद्धतेबद्दल बोलताना एक तळं आठवतंच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर शहरातल्या सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते "शुद्ध" केलं. पाण्यावरच्या हक्काचा वाद न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

रसायनशास्त्राच्या नजरेने बघितलं तर शेण आणि गोमूत्र म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, शेवाळाचं खत. माणसाच्या स्पर्शाने न बिघडलेलं पाणी बिघडवण्याचाच तो प्रकार होता. पाणी शुद्ध आहे की नाही हे मोजून कळतं, मग ते तळं असो की पूल.

तळ्याचं औषध मात्र पुलाला आणि पुलाचं तळ्याला चालत नाही. तळ्यात मासे, वनस्पती, जिवाणू असा संसार असतो. तिथे खत आत येऊ न देणं आणि पाण्यात हवा खेळवणं हे उपाय. क्लोरीन टाकला तर मासे मरतील. पूल मात्र सिमेंटचा हौद आहे. त्यात कुठलीच सजीव साखळी नसते, त्यामुळे सगळी जबाबदारी रसायनावर आणि फिल्टरवर येते.

हे फक्त दिसण्यापुरतं आहे का?

नाही. गढूळ पुलातला सगळ्यात मोठा धोका बुडण्याचा आहे. चार फूट खोल हिरव्या पाण्यात तळाला गेलेलं मूल काठावरून दिसत नाही. म्हणून जगभर नियम एकच: तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर पूल बंद.

दुसरा धोका आजारांचा. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणाला नवा नाही. उतारावरचं पाणी पुलात शिरलं की तोही येऊ शकतो. कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढू शकतो. पाणी नाकात गेल्यास तो मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार फार दुर्मीळ, पण बहुतेकदा जीवघेणा. केरळमध्ये गेल्या काही वर्षांत अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. क्लोरीनची पातळी योग्य असलेल्या पुलात हे जंतू टिकत नाहीत. आणि सोडून दिलेला पूल म्हणजे डासांची नर्सरी.

तिसरा धोका रसायनांचाच. हे चार नियम स्टोअररूमच्या दारावर मराठीत लिहून लावा:

- ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोघांची बादली, माप आणि जागा वेगळी.
- टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही मिसळू नका. आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. एकाच डब्याने दोन्ही मोजणंही धोक्याचं.
- नेहमी पाण्यात रसायन टाका, रसायनावर पाणी ओतू नका.
- हातमोजे, गॉगल, बंद बूट. पावसाळ्यात पोती जमिनीवर, ओलीला ठेवू नका.

हे काम बहुतेक ठिकाणी गावातला एखादा तरुण महिन्याच्या पगारावर करतो. त्याला हातमोजे न देता "टाक रे दोन डबे" सांगणं हा मालकाचा निष्काळजीपणा आहे.

पावसाळ्यात पूल रिकामा का ठेवू नये?

भरलेला पूल जड असतो. रिकामा केला की तो जमिनीत पुरलेल्या होडीसारखा होतो. भूजल वर आलं, माती पाण्याने भरली, की खालून वर ढकलणारा दाब टाकीला तडे पाडतो, कधी अख्खी टाकी उचलतो. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं होतं. नदीकाठच्या आणि सखल जमिनीतल्या पुलांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. पूल भरलेला ठेवा, जादा पाणी वाहून जायला वाट ठेवा आणि उताराच्या बाजूला चर खणून मातीचं पाणी बाहेरून वळवा. छपराच्या पागोळ्या पुलात पडू देऊ नका.

वीज गेली की फिल्टर थांबतो आणि पावसाळ्यात हे अनेकदा होतं. वीज आल्यावर आधी क्लोरीन मोजा, मग पंपाचे तास भरून काढा. पुलाचं सगळं पाणी दिवसातून किमान एकदा फिल्टरमधून जायला हवं.

पाणी सोडायचंच झालं तर क्लोरीन शून्यावर आल्यावरच. काही दिवस उन्हात डोस न देता ठेवलं की तो उतरतो. क्लोरीनचं पाणी ओढ्यात गेलं तर मासे मरतात, आणि इथले ओढे शेवटी सावित्रीलाच मिळतात. मोरचुदाचं पाणी भातखाचरात तर अजिबात नको.

वर्षभराचं वेळापत्रक

- जून ते सप्टेंबर: पूल भरलेला. जोरदार पावसानंतर क्लोरीन आणि पीएच मोजा. टीसीसीए चालेल, कारण पाऊस स्टॅबिलायझर धुतोच.
- सप्टेंबरअखेर: गाळ काढा, फिल्टरची वाळू तपासा, अल्कलिनिटी मोजा. ती ८० ते १२० पीपीएम हवी. ३८,००० लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला सुमारे ६४० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो.
- ऑक्टोबर: टीसीसीए. स्टॅबिलायझर ३०-४० पीपीएमवर आला की थांबा.
- नोव्हेंबर ते मे: रोज संध्याकाळी लिक्विड क्लोरीन. वरच्या पुलाला साधारण पाऊण लिटर, गर्दीच्या दिवशी जास्त. क्लोरीनची पातळी स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. ४० पीपीएमला ३, हे लक्षात ठेवायला सोपं.
- दर आठवड्याला: भिंती घासणं, पीएच, आणि वहीत नोंद.
- दर महिन्याला: सायन्युरिक ॲसिड आणि अल्कलिनिटी.

यातली वही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची. तारीख, क्लोरीन, पीएच, पाऊस, काय टाकलं आणि किती. केअरटेकर बदलला, दुकानदार बदलला, तरी पुलाचा इतिहास हातात राहतो. पुढच्या वेळी पाणी हिरवं दिसलं की ब्लीचिंगचं पोतं फोडण्याआधी मागची दोन पानं वाचा. कारण बहुधा तिथेच लिहिलेलं असेल.